आळस कीं आजार?

आपल्या भाषेंत 'अंगावरून वारें गेलें' असा एक जुना वाक्प्रचार आहे. वैद्यांच्या भाषेंत ह्यासच पक्षाघात किंवा अर्धांगवायु असें म्हणतात. वारें गेलें म्हणजे अर्धें अंग लुळें पडलें, हात उचलत नाहीं, पाऊल टाकवत नाहीं, तोंड वांकडें झालें, एवढें चित्र आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. हें चित्र खोटें नाहीं. परंतु तें पुरेंहि नाहीं. वारें ओसरून हातांत बळ परत आल्यावर कांहीं रोग्यांच्या ठायीं एक चमत्कारिक अवस्था मागें उरते. हात उचलतां येतो, पण रोगी तो उचलीत नाहीं. कोणी सांगितलें तर उचलतो, सांगणारा गप्प राहिला कीं हातहि गप्प! अशा मनुष्यास जग आळशी म्हणून मोकळें होतें. ह्या अवस्थेविषयीं आमच्या घरीं जें घडलें, व त्या निमित्तानें जें आम्हांस पाहावयास व वाचावयास मिळालें, तें विद्यार्थी मित्रांपुढें व त्यांच्या वडील माणसांपुढें मांडावें, असा ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम मूळ रोगाविषयीं दोन शब्द. नांवांत वारें असलें तरी ह्या रोगाशीं वाऱ्याचा कांहीं संबंध नाहीं. मेंदूस रक्त पोंचविणारी एखादी वाहिनी गुठळीमुळें बंद पडते किंवा फुटते, आणि त्या वाहिनीवर अवलंबून असलेला मेंदूचा भाग निकामी होऊं लागतो. मेंदूची उजवी बाजू शरीराच्या डाव्या अंगाचा व्यवहार चालविते, आणि डावी बाजू उजव्या अंगाचा. म्हणून मेंदूच्या उजव्या बाजूस आघात झाला तर डावा हात व डावा पाय दुर्बळ होतात. परंतु हात हालण्यास केवळ बळ पुरत नाहीं; तो हालवावा अशी प्रेरणाहि मेंदूंतच उत्पन्न व्हावी लागते, ही गोष्ट आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. बळ व प्रेरणा ह्या दोहोंचीं स्थानें मेंदूंत अगदीं एक नाहींत. म्हणून एक शाबूत राहून दुसरी मंदावूं शकते.

आमचे थोरले काका पुस्तकबांधणीचें काम करीत. हें काम ज्यानें पाहिलें असेल त्यास ठाऊकच आहे कीं, तें एका हाताचें नव्हे. एका हातानें फर्मे धरावे, दुसऱ्यानें सुई ओढावी. एकानें पुठ्ठा दाबावा, दुसऱ्यानें खळ लावावी. वयाच्या ६३ व्या वर्षीं काकांस मेंदूच्या उजव्या बाजूचा आघात झाला व डावा हात लुळा पडला. इस्पितळांतील उपचारांनीं, नियमित व्यायामानें व ईश्वरकृपेनें तीन महिन्यांत त्या हातांत बळ परत आलें. डॉक्टरांनीं आपलीं बोटें काकांच्या दोन्ही मुठींत देऊन तीं आवळावयास सांगितलीं. दोन्ही मुठी सारख्याच घट्ट वळल्या. डोळे मिटून दोन्ही हात पुढें धरावयास सांगितलें. डावा हात खालीं आला नाहीं. डोळे मिटलेले असतांच डाव्या तळव्यावर किल्ली ठेविली. ती त्यांनीं चांचपून ओळखली. परीक्षेचें हें फळ ऐकून घरांत सर्वांस धन्यता वाटली.

परंतु घरीं निराळाच प्रकार दिसूं लागला. सदऱ्याच्या गुंड्या काका एकट्या उजव्या हातानें लावूं पाहत व दमून सोडून देत. डावा हात मांडीवर स्वस्थ पडलेला असे. चालतांना उजवा हात झोंके घेई, डावा नुसता लोंबत राही. खुर्चीवर बसले म्हणजे तो हात कधीं मांडीखालीं सांपडे, कधीं खुर्चीबाहेर अवघडून लटके. तरी तो ओढून सरळ करावा असें त्यांच्या मनांत येत नसे. रात्रीं कुशीवर वळतांना तो अंगाखालीं राहून जाई. वर्तमानपत्र वाचावयाचें तर तें टेबलावर पसरून एकाच हातानें पान उलटीत. आणि आश्चर्य असें कीं, काकूंनीं 'अहो, डावा हात लावा ना!' असें म्हटलें कीं तोच हात तत्काळ पुढें येई, गुंडी धरी, काजांतून ओढी, आणि दोन गुंड्या झाल्या न झाल्या तोंच पुन्हां मांडीवर जाऊन पडे.

हा प्रकार पाहून समाचारास येणारे आप्त म्हणत, 'सांगितलें कीं करितात, म्हणजे करतां येतें. मग आपण होऊन कां करीत नाहींत? दुखण्यांत सेवा करून घेण्याची संवय लागली, दुसरें काय?' आमच्या चुलतबंधूंस रोजच्या कामधंद्यांतून वेळ काढून वडिलांस व्यायामास नेणें जड जात होतें. हात बरा झाला असें डॉक्टरांनीं सांगितलेंच आहे, तेव्हां व्यायाम बंद करावे; आणि ज्यांस कामाची इच्छाच उरली नाहीं त्यांच्या दुकानांतील दाबयंत्र व कागद कापण्याचें यंत्र विकून टाकावें, असा विचार त्यांच्या मनांत बळावूं लागला. काकू कांहीं बोलत नसत. पण नवऱ्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावतांना त्यांचे डोळे भरून येत. खुद्द काकांस विचारिलें तर ते म्हणत, 'हात माझाच आहे, तो बराहि आहे, हें मला कळतें. पण काम हातीं घेतलें म्हणजे तो आहे ह्याची आठवणच होत नाहीं. कोणी सांगितलें म्हणजे आठवतो.' हें उत्तर पुष्कळांस सबबीसारखें वाटे. एका कष्टाळू व प्रामाणिक मनुष्याच्या उद्योगाचा व अब्रूचा प्रश्न अशा रीतीनें एका हाताच्या वागणुकीवर येऊन ठेपला.

ह्या प्रश्नाचा उलगडा काकांस व्यायाम शिकविणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनीं केला. त्यांची तपासणी पाहून आम्हांस फार बोध झाला. त्या एके दिवशीं घरीं आल्या, पण आल्याबरोबर 'हात वर करा' असें त्यांनीं म्हटलें नाहीं. त्या चहा घेत बसल्या, काकांशीं जुन्या पुस्तकांच्या गोष्टी करीत राहिल्या, आणि सर्व वेळ त्यांच्या हातांकडे पाहत होत्या. बोलण्याच्या भरांत उजवा हात किती वेळां हालतो व डावा किती वेळां, हें त्या मनाशीं मोजीत होत्या. मग घट्ट झांकणाची एक बरणी काकांच्या हातीं देऊन त्यांनीं चमचाभर साखर मागितली. काकांनीं बरणी मांड्यांमध्यें धरिली व उजव्या हातानें झांकण फिरवूं लागले. नंतर कागदाचा एक ताव घडी करावयास दिला. ज्यांचें आयुष्य घड्या करण्यांत गेलें, ते काका एका हातानें ताव चेपीत बसले. त्यानंतर डाव्या हाताचीं बोटें एकटीं टेबलावर वाजवावयास सांगितलीं. तीं ठीक चाललीं. उजवीं एकटीं वाजविलीं, तींहि ठीक. दोन्ही हातांचीं एकदम वाजवावयास सांगितलीं, तेव्हां उजवीं चालू राहिलीं आणि डावीं मंद होत होत थांबलीं. 'दोन्ही, काका!' असें बाईंनीं म्हणतांच डावा हात झोंपेंतून दचकून उठल्यासारखा पुन्हां कामास लागला.

शेवटीं बाईंनीं आम्हांस एक वही घालावयास सांगितली. अंग पुसणें, गुंडी लावणें, चपलेचा बंद ओढणें, ताट उचलणें, वर्तमानपत्र उघडणें, अशीं रोजचीं दोन हातांचीं कामें तींत एकाखालीं एक लिहावीं व पुढें तीन रकाने आंखावे: हात आपण होऊन आला, सांगितल्यावर आला, सांगूनहि आला नाहीं. अट एकच कीं, पाहणारानें आधीं बोलूं नये. थोडी वाट पाहून मगच सांगावें. आठ दिवसांनीं वही पाहिली तों तिसरा रकाना जवळ जवळ रिकामा, पहिला विरळ, आणि मधला गच्च भरलेला! 'निदानाचा गाभा ह्या मधल्या रकान्यांत आहे,' असें बाई म्हणाल्या. ती वही त्यांनीं डॉक्टरांस दाखविली, डॉक्टरांनीं काकांची पुनः परीक्षा केली, आणि आमच्या घरांत प्रथमच ह्या अवस्थेचें नांव उच्चारलें गेलें. पाश्चात्त्य वैद्यकांत तिला 'मोटर नेग्लेक्ट' म्हणतात; आपण तिला गतीची उपेक्षा म्हणूं.

वैद्यकास ही अवस्था नवी नाहीं. इंग्लंडमधील मज्जातंतुशास्त्रज्ञ मॅकडोनल्ड क्रिचली यांनीं मेंदूच्या पार्श्वखंडांवरील आपल्या १९५३ सालच्या ग्रंथांत, रोग्याकडून अंगाच्या एका बाजूचें दुर्लक्ष कसें होतें ह्याची चर्चा केली होती. पुढें १९८३ सालीं फ्रान्समधील लाप्लान व देगो ह्या दोघां वैद्यांनीं गतीच्या उपेक्षेचे २० रोगी तपासून त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांनीं सांगितलेलीं लक्षणें वाचतांना कोणी आमच्या काकांचेंच चित्र काढलें आहे असें वाटतें. शरीराची एक बाजू फार कमी वापरली जाते, पण बळ, प्रतिक्षिप्त क्रिया किंवा स्पर्शाची जाणीव ह्यांतील उणिवेनें त्याचा उलगडा होत नाहीं. बसतांना, निजतांना हात आपोआप सोयीच्या जागीं ठेवला जात नाहीं. टांचणी टोंचली तर टोंचल्याचें कळतें, परंतु हात जसा चटकन् मागें यावा तसा येत नाहीं. आग्रहानें सांगितलें कीं मात्र हालचाल पुष्कळ सुधारते. मेंदूचा पुढील म्हणजे ललाटखंड, त्यामागील पार्श्वखंड आणि खोल असलेला थॅलॅमस नांवाचा भाग, ह्यांपैकीं एखाद्यास इजा झाली असतां ही अवस्था उद्भवते. दुर्लक्षाचे विकार मेंदूच्या उजव्या बाजूच्या आघातानंतर अधिक आढळतात. म्हणून बहुधा डावा हात असा पोरका होतो.

येथें कोणी विचारील कीं, लक्षणें इतकीं स्पष्ट असतां हें निदान चुकतें कां? ह्याचें पहिलें कारण असें कीं, इस्पितळांतील परीक्षा ही बहुधा आज्ञेची परीक्षा असते. हात वर करा, मूठ वळा, बोटें पसरा, असें डॉक्टर सांगतात. आणि ह्या रोग्याचा हात जागा होण्यास नेमकी आज्ञाच हवी असते. त्यामुळें परीक्षेच्या खोलींत तो उत्तीर्ण होतो व घरीं नापास होतो. दुसरें कारण असें कीं, आमच्या काकांसारखें बळ सर्वांस पूर्ण परत मिळत नाहीं. थोडें दौर्बल्य उरलेलें असलें कीं हात न वापरण्याचा सर्व दोष त्या दौर्बल्यावर ढकलला जातो, आणि उपेक्षा त्याच्या आड लपून राहते. म्हणून जाणते चिकित्सक 'हात हालतो काय?' एवढेंच विचारीत नाहींत. 'ह्या हातास जेवढें करतां येतें तेवढें तो न सांगतां करितो काय?' असें विचारितात. हें मोजण्यासाठीं आतां घड्याळाएवढीं गतिमापक यंत्रें दोन्ही मनगटांस बांधून दिवसभराच्या हालचालींची तुलना करतां येते. तथापि सर्वांनीं मान्य केलेली अशी एकच एक कसोटी अद्याप नाहीं. ह्या निदानाची भिस्त पाहणाराच्या डोळ्यांवर आहे.

तिसरें कारण म्हणजे ह्या अवस्थेसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या अवस्था. कांहीं रोग्यांस डावीकडचें जगच लक्षांत येत नाहीं. ते ताटाच्या डाव्या बाजूचें अन्न तसेंच ठेवितात, आणि घड्याळाचें चित्र काढावयास सांगितलें तर सर्व आंकडे उजव्या अर्ध्यांत दाटीनें भरितात. हें दुर्लक्ष आणि गतीची उपेक्षा पुष्कळदां बरोबर असतात, पण कधीं कधीं एकटींहि आढळतात. काकांनीं घड्याळ नीट काढलें होतें. कांहीं रोग्यांचा हात हालतो, पण काम कसें करावें ह्याची रीतच त्यांस आठवत नाहीं. तो विकार निराळा. काकांस सांगितलें म्हणजे त्यांची घडी पूर्वीइतकीच काटेकोर होई. आघातानंतर कित्येकांस खिन्नतेचा विकार जडतो व कशांतच मन लागत नाहीं. परंतु खिन्न मनुष्याचे दोन्ही हात मंदावतात, एकटा डावा नव्हे. आणि आळसाविषयींहि हेंच म्हणतां येईल. आळशी मनुष्य दोन्ही हातांनीं आळस करितो. जो मनुष्य उजव्या हातास दुप्पट श्रम देतो व डाव्यास मुळींच हाक मारीत नाहीं, तो श्रम टाळीत नसून उलट अधिक श्रम करीत असतो. एवढी एक गोष्ट ध्यानांत आली असती तर समाचारास येणारांचीं पुष्कळ कठोर वाक्यें टळलीं असतीं.

मग हें असें होतें तरी कशामुळें? विद्यार्थ्यांस समजेल असा एक दृष्टान्त देतों. शाळा भरली आहे, वर्गांत मुलें बसलीं आहेत, वह्यापुस्तकें तयार आहेत, शिक्षकहि हजर आहेत. पण शिपायानें घंटाच दिली नाहीं. अशा वेळीं मुलांस अभ्यास येत नाहीं असें म्हणतां येत नाहीं, व तीं अभ्यास टाळतात असेंहि म्हणतां येत नाहीं. कोणी दारांत येऊन 'चला, सुरू करा!' असें ओरडलें तर वर्ग तत्काळ चालू होईल. काकांच्या मेंदूंत घंटा देणारा भाग दुखावला होता. काकूंची हाक ही ती बाहेरून दिलेली घंटा होती. शुभवर्तमानांत शुष्क हात असलेल्या मनुष्याची जी कथा आहे ती आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलानें ऐकली आहे. काका हंसून म्हणत, 'त्या मनुष्यास एकदांच आज्ञा झाली व तो बरा झाला. मला मात्र दिवसांतून शंभर वेळां आज्ञा हवी!'

निदान झाल्यावर उपचाराची दिशाच पालटली. बळ वाढविण्याच्या व्यायामापेक्षां आतां हातास कामांत ओढून घेण्याचा अभ्यास सुरू झाला. प्रत्येक कामाच्या आधीं काकांनीं स्वतः मोठ्यानें 'दोन्ही' असा शब्द उच्चारावा, म्हणजे बाहेरची आज्ञा हळू हळू आंतली होईल, अशी बाईंची योजना होती. पाण्याचा पेला डावीकडे ठेविला जाऊं लागला. बरा हात कांहीं काळ मोज्यांत ठेवून दुबळ्या हातास कामास लावण्याची एक पद्धति अमेरिकेंतील एडवर्ड टॉब यांच्या संशोधनांतून निघाली आहे. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या एका मोठ्या चांचणींत २२२ रोगी होते. दोन आठवड्यांच्या ह्या उपचारानें झालेली सुधारणा वर्षभरानंतरहि टिकून होती. ती चांचणी गतीच्या उपेक्षेसाठींच म्हणून केलेली नव्हती, आणि हा उपाय प्रत्येक रोग्यास लागू पडत नाहीं; तो तज्ज्ञाच्या देखरेखीखालींच करावयाचा असतो. आमच्या काकांस सर्वांत उपयोगी पडला तो त्यांचा जुना धंदा. फर्मे व सुईदोरा समोर आला म्हणजे डाव्या हातास जी जाग येई ती गुंड्यांपुढें येत नसे. दुकानांतील यंत्रें विकण्याची गोष्ट मागें पडली. चुलतबंधु आतां स्वतः रोज अर्धा तास वडिलांच्या समोर बसून फर्मे लावून देतात. सुधारणा पूर्ण झाली असें मात्र म्हणतां येणार नाहीं. थकवा आला कीं डावा हात आजहि झोंपीं जातो, आणि शेगडीजवळ किंवा जिन्यावर त्यावर लक्ष ठेवावें लागतें, कारण जो हात आपण होऊन मागें येत नाहीं तो भाजण्याचा व सांपडण्याचा धोका असतो.

ह्या सर्व हकीकतींतून आम्हांस जें उमगलें तें थोडक्यांत सांगतों. एखादा मनुष्य एखादी गोष्ट करीत नसला म्हणजे आपण दोनच कारणें कल्पितों: त्यास ती करतां येत नाहीं, किंवा तो ती करूं इच्छीत नाहीं. पहिल्याची आपण कींव करितों व दुसऱ्यास दोष देतों. परंतु ह्या दोहोंच्या मध्यें एक तिसरी जागा आहे. तेथें शक्ति असते, इच्छाहि असते, पण दोहोंस जोडणारा दुवा तुटलेला असतो. त्या जागीं असलेल्या मनुष्यास कींवहि उपयोगी नाहीं व दोषहि उपयोगी नाहीं; त्यास वेळेवर दिलेली, न रागावतां दिलेली व पुनः पुनः दिलेली हाक उपयोगी पडते.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंति आहे. आपल्या घरीं किंवा शेजारीं कोणी पक्षाघातांतून उठत असेल, तर त्याचा हात बरा झाला किंवा नाहीं हें ठरविण्यापूर्वीं तो हात कोणी कांहीं सांगत नसतांना काय करितो, हें आठ दिवस शांतपणें पाहावें, एका वहींत टिपावें, आणि ती वही डॉक्टरांस नेऊन दाखवावी. डॉक्टर रोग्यास थोडीं मिनिटें पाहतात. घरचीं माणसें सबंध दिवस पाहतात. हें काम बारा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगीहि उत्तम रीतीनें करूं शकेल. आजोबांच्या किंवा आजींच्या हातीं पेला आपण होऊन आला कीं सांगितल्यावर आला, एवढेंच त्यांनीं लिहावयाचें आहे. आणि तेवढ्यानें एखाद्या निरपराध मनुष्यावरील आळसाचा ठपका दूर होऊन त्यास योग्य उपचार मिळण्याचा संभव आहे.